तिखट आवडू कसे लागते?

घरातल्या दीड-दोन वर्षांच्या बाळाला भरवताना तुम्ही पाहिले असेल. मऊ वरणभात, त्यावर तुपाची धार, चिमूटभर मीठ. आमटीच्या तिखटाचा थेंबही त्यात पडू नये म्हणून आई किती जपते! चुकून एखादी मिरचीची साल घासात गेलीच, तर बाळ घास थुंकून टाकते आणि रडून घर डोक्यावर घेते. दहा-बारा वर्षांनंतर हेच बाळ भाकरीबरोबर ठेचा मागून घेते. डोळ्यांतून पाणी वाहते, नाक गळते, हाशहुश्श चाललेले असते. आणि वर ते म्हणते, ‘आज जरा कमीच तिखट झालाय!’

मधल्या काळात काय घडले? गोड आवडायला कोणाला शिकवावे लागत नाही. नुकत्याच जन्मलेल्या अर्भकाच्या जिभेवर साखरपाण्याचा थेंब ठेवला तर ते मिटक्या मारते. कडू लागले तर तोंड वाकडे करते. या आवडीनिवडी आपण जन्मतःच घेऊन येतो. मिरचीचे तसे नाही. मिरची जन्मतः कोणालाच आवडत नाही. तरीही जगातील कोट्यवधी माणसांना तिच्यावाचून जेवण गोड लागत नाही. जे आधी नको असते तेच पुढे हवेसे कसे होते? हे कोडे सोडवण्यासाठी आधी मिरची तोंडात काय करते ते पाहू या.

तिखट ही चव नव्हे

आपल्याकडे षड्रसांत तिखटाची गणना होते. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने तिखट ही चव नाही. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या चवी जिभेवरील रुचिकलिकांना कळतात. तिखट मात्र त्यांच्यावाचूनही कळते. मिरची चिरलेला हात डोळ्याला लागला की काय होते ते आठवा. डोळ्यात रुचिकलिका नसतात, तरी मिरची तिथेही ‘लागते’. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पाचवी जोडी चेहरा, डोळे, नाक आणि तोंड यांतील स्पर्श, उष्णता आणि वेदना यांच्या वार्ता मेंदूकडे नेते. मिरचीची वार्ता याच वाटेने जाते. थोडक्यात, तिखट ही एक वेदना आहे.

ही वेदना देणारे द्रव्य म्हणजे कॅप्सायसिन. १८७६ साली थ्रेश या इंग्रज रसायनतज्ज्ञाने ते स्फटिकरूपात वेगळे करून त्याला हे नाव दिले. त्याचे सूत्र सी-१८, एच-२७, एन, ओ-३ असे आहे. मिरचीच्या बिया तिखट असतात असा आपला समज असतो, पण कॅप्सायसिन तयार होते ते बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत. बियांना ते नुसते लागलेले असते.

तिखटपणा मोजण्याची पहिली पद्धत १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात मिसळायचा आणि चाखणाऱ्यांना जळजळ जाणवेनाशी होईपर्यंत तो पातळ करीत जायचे. जितक्या पट पातळ करावा लागेल तितका त्या मिरचीचा स्कोव्हिल अंक. ढोबळ्या मिरचीचा अंक शून्य. मेक्सिकोतील हालापेन्यो मिरचीचा अडीच ते आठ हजार. आपल्या ईशान्य भारतातील भूत जोलोकियाचा दहा लाखांच्या घरात. शुद्ध कॅप्सायसिनचा सुमारे १ कोटी ६० लाख! आता हे मोजमाप माणसाच्या जिभेऐवजी यंत्राने होते.

आग नसताना आगीची वर्दी

मिरची खाल्ल्यावर तोंड ‘भाजते’ असे आपण म्हणतो. इंग्रजीतही गरम आणि तिखट या दोहोंना एकच शब्द आहे. हा केवळ भाषेचा योगायोग नाही, हे १९९७ साली सिद्ध झाले.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे डेव्हिड ज्युलियस आणि त्यांचे सहकारी एका प्रश्नामागे लागले होते: मज्जातंतूंना कॅप्सायसिन कळते ते कशामुळे? त्यांनी वेदना जाणणाऱ्या मज्जापेशींतील हजारो जनुकांचे तुकडे गोळा केले आणि ते कॅप्सायसिनला एरवी दाद न देणाऱ्या पेशींत घातले. मग त्या पेशींवर कॅप्सायसिन टाकून कोणती पेशी ‘जागी’ होते ते पाहिले. शोधता शोधता एक जनुक हाती लागले. ते जनुक जे प्रथिन तयार करते, त्याला आज टीआरपीव्ही-१ असे म्हणतात.

हे प्रथिन म्हणजे मज्जापेशीच्या आवरणातील एक दार समजा. एरवी ते बंद असते. तापमान सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेले की ते उघडते, कॅल्शियम व सोडियमचे आयन आत शिरतात, आणि मज्जातंतू मेंदूला कळवतो, ‘भाजते आहे, सावध हो!’ उकळता चहा घाईने तोंडात गेला तर हेच घडते. आता गंमत अशी, की कॅप्सायसिनचा रेणू या प्रथिनात नेमका बसतो आणि तापमान वाढलेले नसतानाच दार उघडतो. मेंदूला वार्ता मिळते ती आगीची. तो आपल्या परीने आग विझवायला लागतो: लाळ सुटते, डोळे पाणावतात, नाक वाहते, कपाळावर घाम येतो. त्या वेळी तोंडात तापमापक धरला, तर पारा मात्र जागचा हलणार नाही!

या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ साली शरीरक्रियाविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्पर्शाची जाणीव उलगडणारे आर्डेम पॅटापुटियन हे त्यांचे सहमानकरी होते.

मिरचीचा हेतू काय?

वनस्पतीला फळ खाल्ले जावे असे वाटते, मग तिने त्यात वेदना का भरावी? उत्तर असे, की फळ कोणी खावे याची तिला निवड करायची असते. जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नाभान या शास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतातील रानमिरचीचा अभ्यास करून २००१ साली काही निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंदरांच्या जातीचे प्राणी मिरचीच्या बिया चावून नष्ट करतात. थ्रॅशर नावाचा पक्षी मात्र फळ गिळतो आणि त्याच्या विष्ठेतून बिया धडधाकट बाहेर पडून रुजतात. उंदीर ती मिरची टाळतात, पक्षी खुशाल खातात. पुढच्याच वर्षी त्याचे कारणही स्पष्ट झाले. कोंबडीतील टीआरपीव्ही-१ प्रथिन उष्णतेला उघडते, पण कॅप्सायसिनला जवळजवळ दाद देत नाही. पोपट मिरची मिटक्या मारीत खातो तो सोशिक म्हणून नव्हे. त्याला ती तिखट लागतच नाही.

म्हणजे मिरचीचा निरोप सस्तन प्राण्यांसाठी आहे: ‘मला खाऊ नका.’ आणि सस्तन प्राण्यांपैकी माणूस नावाचा एक प्राणी तो निरोप नीट वाचतो आणि तरीही खातो.

मिऱ्याच्या नावावर आलेली पाहुणी

मिरची मूळची अमेरिका खंडातील. दक्षिण अमेरिकेतील एक्वादोरमध्ये सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या दगडी वाटणांवर आणि भांड्यांवर मिरचीच्या स्टार्चचे कण सापडले आहेत. कोलंबस १४९२ साली निघाला तो काळ्या मिऱ्याच्या शोधात. त्याला मिरे मिळाले नाही, मिरची मिळाली. तेथील लोकांचे हे ‘मिरे’ आपल्या मिऱ्याहून सरस आहे, अशा अर्थाची नोंद त्याने १४९३ च्या जानेवारीत केली.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि त्याच शतकात त्यांच्या गलबतांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर आली. ती इतक्या लवकर पसरली, की लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतितज्ज्ञाने १५४२ सालच्या आपल्या ग्रंथात तिला ‘कालिकतचे मिरे’ म्हटले. तिचे मूळ गाव हिंदुस्थानच, असे त्याला वाटले! आपण तरी काय केले? मिरे या जुन्या शब्दावरून तिला मिरची म्हटले. मिरे, पिंपळी, आले, मोहरी यांचा झणका आपल्या पूर्वजांना ठाऊक होताच. मिऱ्यातील पिपेरिन हे द्रव्यही टीआरपीव्ही-१ चेच दार ठोठावते. मिऱ्याच्या वेलीला दमट मलबार हवा. मिरची मात्र कोणाच्याही परसात येते. ती गरिबाचे मिरे झाली.

पण यावरून ती का पसरली ते कळले. प्रत्येक नव्या पिढीला ती आवडू का लागते, हा प्रश्न उरतोच.

मेक्सिकोतील एक खेडे

या प्रश्नाचा चिकाटीने पाठलाग केला पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी. १९७० नंतरच्या दशकात ते मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातील डोंगराळ भागात झापोतेक लोकांच्या एका खेड्यात गेले. तेथे मक्याची भाकरी, शेंगांची उसळ आणि मिरची हे रोजचे जेवण. रोझिन यांनी पाहिले ते असे: लहान मुलांना मिरची कोणी बळेच देत नाही. ती खाल्ली म्हणून बक्षीस नाही, खाल्ली नाही म्हणून रागावणे नाही. मूल रोज मोठ्यांना आणि भावंडांना ती आवडीने खाताना पाहते. मग एखादे दिवशी स्वतःच थोडीशी भाकरीला लावून घेते. आज थोडी, उद्या जरा जास्त. मुलांसमोर तिखट आणि बिनतिखट खाऊ ठेवून निवड करायला सांगितले, तेव्हा असे दिसले, की साधारण पाच-सहा वर्षांच्या पुढची बरीच मुले आपण होऊन तिखट निवडतात.

मग रोझिन यांना एक प्रश्न सुचला. गावातली कुत्री आणि डुकरे गावकऱ्यांचेच उष्टे-खरकटे खातात. म्हणजे जन्मभर मिरची खातात. मग त्यांनाही ती आवडत असेल? त्यांनी हे गावकऱ्यांना विचारले, तेव्हा गावकऱ्यांना हसू आवरेना. तरीही रोझिन यांनी परीक्षा घेतलीच. जनावरांपुढे एक साधा आणि एक तिखट लावलेला तुकडा ठेवला. तिखट तुकडा ती खात, पण आधी उचलत तो साधाच.

हा लहानसा प्रयोग फार मोलाचा आहे. नुसत्या सवयीने आवड उत्पन्न होत असती, तर त्या कुत्र्या-डुकरांना ती झाली असती. प्रयोगशाळेतील उंदरांनाही महिनोन्‌महिने तिखट खाणे देऊन पाहिले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत आवड काही उपजली नाही. सवयीने सोसता येते, पण सोसणे आणि आवडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग वेगळे काय असते? सोबत! १९८३ साली रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्याने माणसांच्या सहवासात वाढलेल्या दोन चिंपांझींना तिखट खाऊची आवड लागल्याची नोंद केली. १९८९ साली कॅनडातील बेनेट गॅलेफ यांनी दाखवले, की तिखट खाऊन आलेल्या साथीदाराच्या सहवासात राहिलेला उंदीर तेच तिखट खाणे अधिक पसंत करतो. आपल्यातलाच कोणी ते खातो आहे आणि सुखरूप आहे, ही बातमी जिभेच्या तक्रारीपेक्षा वजनदार ठरते.

जीभ बधिर होते म्हणून?

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, ‘रोज खाऊन जीभ मरते, म्हणून तिखट चालते.’ यात थोडे तथ्य आहे. कॅप्सायसिनने मज्जातंतूंची टोके काही काळ मंदावतात, हे हंगेरीतील शास्त्रज्ञ मिक्लोश यान्चो यांनी फार पूर्वी दाखवले होते. (हंगेरी हा पाप्रिका मिरचीचा देश, हेही लक्षात घ्या!) याच गुणाचा उपयोग औषधातही होतो. नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या तीव्र वेदनेसाठी कॅप्सायसिनचे मलम व पट्टी वापरतात.

पण बधिरपणाने सगळे कोडे सुटत नाही. नियमित मिरची खाणारे आणि न खाणारे यांची तुलना केली, तेव्हा तिखट ओळखण्याच्या शक्तीत फार मोठा फरक दिसला नाही. मिरचीच्या भोक्त्यालाही जळजळ कळते. खरे म्हणजे जळजळ नसेल तर त्याला जेवण सपक लागते! त्याला जो तिखटपणा सर्वांत आवडतो, तो सोसण्याच्या सीमेच्या अगदी अलीकडचा असतो, असे रोझिन यांना आढळले. म्हणजे बदल जिभेत होतो त्यापेक्षा अधिक मनात होतो. वार्ता तीच येते, तिचा अर्थ बदलतो.

निर्धास्त भीतीची गोडी

हा अर्थ बदलतो कसा? जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसलेली मुले आठवा. पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो, तोंडून किंकाळी फुटते. शरीर म्हणत असते, ‘पडलो!’ मन म्हणत असते, ‘छे, काही होत नाही.’ खाली उतरले की तीच मुले पुन्हा रांगेत उभी! रात्री भुताची गोष्ट ऐकणे, दुःखी नाटक पाहून डोळे पुसणे हेही त्याच जातीचे. शरीर धोक्याची घंटा वाजवते आणि धोका खरा नाही हे मनाला पक्के ठाऊक असते. या दोहोंतील अंतराची एक मौज असते. मिरचीची आवड याच प्रकारची आहे, असे रोझिन यांचे म्हणणे आहे.

लहान बाळाला ही मौज मिळत नाही, कारण आग खोटी आहे हे त्याला अजून कळलेले नसते. ते कळायला अनुभव लागतो आणि धीर देणारी माणसे लागतात. त्याच्या जोडीला आणखी गोष्टी असतात. तिखटाबरोबर पोट भरते, भाताभाकरीला चव येते, घरच्या पंगतीची आठवण चिकटते, आणि ‘आता मी मोठा झालो’ हा अभिमानही असतो. वेदनेनंतर मेंदूत एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्ये सुटतात आणि त्यांनी बरे वाटते, असेही पुष्कळदा सांगितले जाते. कल्पना आकर्षक आहे, पण मिरचीच्या आवडीचे कारण हेच, असा भक्कम पुरावा अजून मिळालेला नाही.

येथे आणखी एका प्राण्याची गोष्ट सांगायला हवी. चीनमधील वृक्षचिचुंद्रीही तिखट वनस्पती आनंदाने खाते. पण २०१८ साली असे आढळले, की तिच्या टीआरपीव्ही-१ मध्ये एक बदल झालेला असल्याने तिला जळजळ फारशी जाणवतच नाही. तिच्या जनुकाने वाट काढली. माणसाचे प्रथिन आहे तसेच राहिले. वाट काढली ती त्याच्या शिकण्याने.

सीमा कोठे?

ही मौज एका अटीवर टिकते: धोका खरोखर नसला पाहिजे. रोजच्या जेवणातील तिखटाने निरोगी माणसाचे तोंड भाजून निघत नाही. पण पैजेपोटी अतितीव्र मिरच्या किंवा त्यांचा अर्क खाणे वेगळे. अशा एका स्पर्धेत जहाल मिरची खाल्लेल्या निरोगी माणसाला भयंकर डोकेदुखी झाली आणि त्याच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकुंचन पावल्याचे आढळले, अशी नोंद २०१८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आली. तेथे घंटा खोटी नव्हती. पैजेत आपली सीमा आपण ठरवीत नाही, भोवतालचे ठरवतात. वाहाकातील मुले याच्या नेमके उलट शिकतात.

म्हणून वर्गात एखाद्याला तिखट चालत नसेल, तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याची जीभ तुमच्याइतकीच खरे बोलते. आणि घरात धाकटे भावंड तिखटाला नाही म्हणत असेल, तर त्याच्या ताटात बळेच वाढू नका. तुम्ही त्याच्याशेजारी बसून आवडीने खा, एवढे पुरे आहे.

वर्गात करून पाहा

हे प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, साध्या तिखट चिवड्यावर करावेत. कच्ची मिरची घेऊ नये. पोटाचा किंवा तोंडाचा विकार असलेल्यांनी फक्त नोंदी कराव्यात.

१. नाक चिमटीत धरून चिवडा खा. मसाल्याचा स्वाद जवळजवळ नाहीसा होतो, तिखटपणा मात्र राहतो. का, ते सांगा.

२. तिखट लागल्यावर आधी साध्या पाण्याचा आणि मग कोमट पाण्याचा घोट घ्या. कोमट पाणी एरवीपेक्षा जास्त गरम भासते का? ४३ अंशांचे दार आठवा.

३. जळजळ कशाने लवकर थांबते, पाण्याने की दुधाने? कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. २०१९ सालच्या एका अभ्यासात सायीसकट आणि साय काढलेले, दोन्ही प्रकारचे दूध पाण्यापेक्षा सरस ठरले. म्हणजे स्निग्धांशाखेरीज दुधातल्या प्रथिनांचाही यात हात असावा.

४. प्रत्येकाने घरी विचारून यावे: मी तिखट कितव्या वर्षी खाऊ लागलो? कोणाचे पाहून? कोणी आग्रह केला होता का? उत्तरांचा तक्ता फळ्यावर मांडा. वाहाकातील खेड्यात जे दिसले ते तुमच्या गावातही दिसते का, ते पडताळून पाहता येईल.